शिव्यांची आखिती

बोडकी बघायला आलात ना, मग आधी नीट बघा. अर्ध्या चढावर चुना फासलेला तो धोंडा दिसतो का? त्याच्या वर एकही बांध नाही की वावर नाही. ऐन आहे, हिरडा आहे, करवंदीच्या जाळ्या आहेत आणि अगदी माथ्यावर देवीची राई. धोंड्याच्या खाली नाचणी-वरईचे उतार, त्यांच्या खाली हे तळं आणि तळ्याच्या पोटाला भाताची खाचरं. कुणी दोरी धरून आखावं तसं दिसतं. एवढं रान अंगावर घेऊन बसलेल्या डोंगराला बोडकी का म्हणतात, असं या बाईंनी विचारलं आणि मी म्हणाले, "मेल्यांनो, आधी चपला काढून बसा, मग सांगते." तर बाईंचं तोंड एवढंसं झालं.

राग आला असेल तर येऊ दे. या कुसरवाडीत बाईच्या तोंडची शिवी सहजासहजी मिळत नाही आणि तुम्हाला तर आल्या आल्या मिळाली. बसा. तुम्हाला घेऊन आलेले दौलतराव तिकडे गाडीपाशी जांभळीखाली उभे आहेत. ते इकडे यायचे नाहीत. त्यांना राहू दे तिथेच.

डोंगराच्या डाव्या अंगाला ती लाल रेघ दिसते ना, धोंड्याच्या पार वर गेलेली, तिच्याबद्दल मी आत्ता बोलणार नाही. आत्ता बोलले तर माझं डोकं फिरेल आणि गोष्ट राहील बाजूला.

आमच्याकडे आखितीला, म्हणजे तुमच्या अक्षय तृतीयेला, सगळ्या गावांत करतात तसं पितरांचं होतं, आमरस-पोळी होते. पण त्याच्या आधी सकाळी गावातला एकूणएक पुरुष या तळ्यात उतरतो. आटलेल्या तळ्यातला गाळ पाटीत भरतो, पाटी डोक्यावर घेतो आणि अनवाणी बोडकी चढतो. गाळ धोंड्याच्या वर नेऊन झाडांच्या बुडाशी ओतायचा. त्या दिवशी बायका कामाला हात लावत नाहीत. आम्ही या बांधावर ओळीने बसतो आणि समोरून पाटी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला शिव्या देतो. सासऱ्याला, दिराला, नवऱ्याला, सरपंचाला, मास्तरला. सून सासऱ्याला देते आणि सासरा मान खाली घालून ऐकतो. पहिली शिवी द्यायचा मान आमच्या घरचा. तो सासूकडून सुनेकडे येतो. आज तो माझ्याकडे आहे. बायजा म्हणतात मला.

हे का आणि कुठून आलं, ते असं सांगतात.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. माझ्या सासूच्या सासूलाही ती जुनी म्हणूनच कळली होती. त्या काळी या डोंगराला नावच नव्हतं म्हणे. नुसतं 'वर' म्हणायचे. गुरं वर गेली, सरपण वरून आणलं, वाघरू वरून आलं. तो धोंडा मात्र तेव्हाही होता. धोंड्याच्या खाली माणसाचं आणि वर देवीचं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

खालच्या उतारावरही माणसं हात राखून होती. एका वर्षी नाचणी, पुढच्या वर्षी वरई, मग कारळे, आणि त्यानंतर ती जागा पडीक टाकायची. तिथे करवंद, कुडा माणसाच्या उंचीचा झाला, पालापाचोळा कुजला, की मग पुन्हा तिच्याकडे वळायचं. औत तिथे न्यायचंच नाही, कुदळीने काम. भाताच्या राबासाठी झाडाची फांदी छाटायची, झाडाला हात लावायचा नाही. राब म्हणजे काय, माहीत आहे का? तुम्हाला कसं माहीत असणार. रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला, शेण पसरून वर माती टाकतात आणि ते पेटवतात. त्या राखेत रोप कसं तरारून वर येतं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल.

आणि हे माहीत असणाऱ्या माणसांनीच घात केला, याचा मला जास्त राग येतो.

तेव्हा गावचा पाटील होता रायाजी. रायाजी वाईट नव्हता, असं पुरुष हमखास सांगतात. नसेल. वाईट नसलेल्या माणसाने केलेलं वाटोळं काय कमी भरतं का? एका उन्हाळ्यात आपोआप वणवा लागला आणि धोंड्याच्या वरचा एक पट्टा जळून गेला. रायाजी बघायला गेला, तर पाय घोट्यापर्यंत राखेत बुडाले. त्याने गंमत म्हणून तिथे नाचणी टाकली. त्या साली नाचणी अशी आली म्हणे, की कणीस मुठीत मावेना. खालच्या उतारावर असं पीक कुणी पाहिलं नव्हतं. रायाजीने कणसं आणून चावडीवर मांडली आणि म्हणाला, "बघा, खरं सोनं वर हाय. आपण येड्यावानी खाली उकरत बसलो."

ते पीक राखेचं होतं, मातीचं नव्हतं. जन्मभर राब भाजणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? पण डोळ्यांसमोर कणसं होती ना.

दुसऱ्या वर्षी त्याच जागेत नाचणी वीतभर आली. मग रायाजी म्हणाला, अजून वर चला. अजून वरचा पट्टा पेटवला, पुन्हा मुठीएवढी कणसं. पुढच्या वर्षी त्याच्या वरचा. सगळं गाव त्याच्यामागे निघालं. खालच्या उतारांना विसावा देणंही बंद झालं, पडीक जागा दिसली की लोकांचा जीव खालीवर व्हायचा. कुदळीने भागेना म्हणून औत वर नेलं. धोंडा नांगराला आडवा यायचा, तर त्याला वळसा घालून नांगरलं. आधी गवत गेलं, मग झाडं गेली, आणि शेवटी माथ्यावरची राई तेवढी उरली, शेंडी ठेवावी तशी. चावडीवर बसलेल्या पुरुषांनी डोंगराकडे बघून थट्टा केली, "बोडकी झाली की रं!" आणि हसले. नाव तेव्हाचं आहे. स्वतःच भादरायची आणि स्वतःच नाव ठेवायचं, ही रीत फक्त डोंगराच्याच बाबतीत आहे असं नाही.

पुरुषांना धान्य दिसत होतं. बायकांना काय दिसत होतं ते कुणी विचारलं नाही. गवत नाही म्हणून गुरांसाठी पलीकडच्या दरीत जायचं. सरपण नाही म्हणून त्याच्याही पुढे. आणि हे तळं दर पावसाळ्यात लाल व्हायला लागलं. वरून येणारं पाणी पूर्वी गवतातून गाळून यायचं, ते आता नांगरलेल्या तासांतून धावत सुटलं आणि माती घेऊन इथे येऊन बसायला लागलं. दिवाळीला कंबरभर पाणी, संक्रांतीला गुडघाभर आणि शिमग्याला नुसता चिखल. मग बायकांनी घागरी घेतल्या आणि पलीकडच्या कड्याखालच्या झऱ्यावर जायला लागल्या. ती वाट अजून आहे. आता तिथून शेळीही जात नाही.

रायाजीची बायको साळू. हिची ही गोष्ट आहे. साळू फार बोलणारी नव्हती. नवऱ्याचं नाव तर तिने उखाण्यातसुद्धा लाजत घेतलं असेल. तिच्या एकुलत्या एका मुलासाठी तिने खालच्या खोऱ्यातली मुलगी पाहिली, तानू तिचं नाव. तानूच्या आईने एकच गोष्ट विचारली होती, डोंगरातलं गाव आहे, पाण्याचं कसं? साळूने तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "इनबाई, दारात तळं हाय. तुमच्या लेकीला पान्यासाठी बांध वलांडावा लागायचा न्हाई. माजा सबूद." त्या शब्दावर मुलगी मिळाली.

तेव्हा तळं भरलेलं होतं हो. साळू खोटं बोलली नव्हती. पण खोटं ठरायला माणसाने खोटं बोलावंच लागतं असं नाही. कुणीतरी दुसरा ते काम करून ठेवतो.

तानू पहिलटकरीण होती, दिवस भरत आले होते. साळू तिला झऱ्यावर पाठवत नसे, स्वतः दोन खेपा जास्त करायची. एक दिवस साळूच्या अंगात ताप होता. तानूने सासूला न विचारता घागर उचलली. कड्याच्या वाटेवर तिचा पाय सरकला. बायकांनी तिला झोळीत घालून आणली. तिच्या डोक्यावरची चुंबळ तेवढी वाटेवरच्या बाभळीला अडकून राहिली होती. ती गेली, पोटातलंही गेलं.

तानूच्या मातीला तिची आई आली. ती बाई रडली नाही, म्हणे. अंगणात उभी राहिली, इकडे तिकडे पाहिलं आणि साळूला एवढंच म्हणाली, "इनबाई, तळं कुटं हाय?"



दिवस-वार झाल्यावर साळू नवऱ्याकडे गेली. नाव न घेता, दाराआड उभं राहून म्हणाली, "तळ्यात गाळ भरलाय. वरचा नांगुर थांबवा. न्हाईतर सगळ्यांच्या सुना त्याच वाटंनं जातील." रायाजी सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "गाळ भरला तर बरंच झालं की. औंदा तळ्यात बी भात लावू. अशी माती गावात दुसरीकडं कुटं हाय?"

हे वाक्य जसंच्या तसं सांगायचं असतं, आमच्या सासूबाईंची ताकीद होती. सून गेली, नातू गेला, आणि या माणसाला तळ्यात भात दिसला.

त्याच वेळी चावडीवर ठरलं होतं, की आखितीच्या मुहूर्तावर माथ्यावरची राई तोडायची, वाळवायची आणि पेटवायची. शेंडीही काढायची. आखितीच्या सकाळी पुरुष कुऱ्हाडी पाजळत बसले होते. साळूने घरातली कुदळ आणि पाटी घेतली आणि ती कोरड्या तळ्यात उतरली. मधोमध, जिथे पूर्वी सगळ्यांत खोल होतं तिथे, तिने गाळ खणायला सुरुवात केली. पाटी भरून बाजूला ठेवली. खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसली. बायका जमल्या, विचारायला लागल्या, साळू हे काय. ती म्हणाली, "ही माती बापयांनी वरनं खाली आणली. ती आता बापयांनी डोस्क्यावरनं वर न्यायची. जिथली तिथं. तवर मी हितनं हलायची न्हाई, पानी प्यायची न्हाई."

बायका एकेक करून बांधावर बसल्या. घरी चूल पेटली नाही, तेव्हा पुरुषांना कळलं. आधी हसले. मग चिडले. मग रायाजीला म्हणाले, पाटील, तुमची बायको तुम्ही आवरा.

रायाजी बांधावर आला. गावासमोर बायकोपुढे हात जोडायची त्याची तयारी नव्हती. तो दरडावून म्हणाला, "घरी चल. गावात तमाशा नको."

साळूने वर पाहिलं. आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याचं नाव घेतलं. "रायाजी," ती म्हणाली, "मुडद्या, तुज्या तोंडात माती पडो. माजा सबूद खाल्लास, माजी सून खाल्लीस, आता देवी खायला निगालास? उचल ती पाटी!"

बायका पदर तोंडाशी धरून बसल्या. पाटलिणीच्या तोंडून शिवी, तीही नाव घेऊन! रायाजी काळाठिक्कर पडला आणि वळून चालायला लागला. साळू मागून देतच राहिली. करंट्या म्हणाली, काळतोंड्या म्हणाली, घरबुडव्या म्हणाली. जन्मभर साठवलेलं सगळं बाहेर काढत होती. तो चावडीवर जाऊन बसला, तरी तिचा आवाज तिथवर येत होता.

दुपार कलली आणि वळवाचं आभाळ आलं. बोडकीच्या माथ्यावर असा पाऊस कोसळला, की समोरचं माणूस दिसेना. पूर्वी असा वळीव झाला तर वरचं गवत अर्धा पाऊस पिऊन घ्यायचं. आता प्यायला वर कोण होतं? नांगरलेली तासं ओहोळासारखी वाहायला लागली आणि बघता बघता सबंध उताराची कातडी सुटून खाली आली. पाणी नव्हे हो, माती. खिरीसारखी घट्ट, लाल. ती सगळीकडून तळ्यात शिरली. बांधावरच्या बायका ओरडल्या, साळू, वर ये! तिचे पाय त्या खड्ड्यात होते. माती तिच्या गुडघ्यांपर्यंत आली, मग मांड्यांपर्यंत.

चावडीवरून पुरुष धावत आले. रायाजी सगळ्यांत पुढे. चिखलात उडी घेऊन तिच्यापाशी पोचला आणि त्याने तिच्या काखेत हात घातले. तिने ते झिडकारले. "मला हात लावू नको. पाटी उचल."

"साळे, आदी वर ये. मग काय म्हनशील ते करतो."

"आदी माती वर. मग मी."

त्याने ओढून पाहिलं, इतरांनी ओढून पाहिलं. खालच्या गाळाने तिला असं धरलं होतं, की ओढलं की ती कळवळायची आणि माती आणखी आवळायची. मग एकच उरलं, भोवतालची माती काढायची. पुरुषांनी मिळेल त्यात गाळ भरला, पाट्या, टोपल्या, घमेली, काही जणांनी तर डोक्याची मुंडाशी सोडली. आणि घाईघाईने जवळच, या बांधाच्या आतल्या अंगाला टाकायला लागले. पाऊस चालूच होता. टाकलेली माती वाहून पुन्हा तिच्याकडेच यायची. साळूच्या कमरेपर्यंत माती आली होती आणि ती हसली, असं सांगतात. "भाड्यांनो, अजून अक्कल आली न्हाई? हितं टाकाल तर हितंच यील. जिथनं आणली तिथं न्या!"

तेव्हा रायाजीने पाटी डोक्यावर घेतली. त्याने उभ्या आयुष्यात डोक्यावरून ओझं नेलं नव्हतं. ते बायकांचं काम. पाटी घसरायला लागली. साळूने आपल्या लुगड्याचा पदर दातांत धरून टरकावला आणि त्याच्या अंगावर फेकला. "चुंबळ कर, हलकटा. एवढं बी येत न्हाई तुला." त्याने त्या पदराची चुंबळ केली, पाटी घेतली आणि त्या निसरड्या उतारावर धावत सुटला. त्याच्यामागे सगळे पुरुष.

धोंड्याच्या वर पहिली पाटी ओतली तेव्हा साळूच्या भोवतालचा गाळ बोटभर खाली बसला, असं म्हणतात. खरं खोटं हे तळंच जाणे. पण पुरुषांचा त्यावर विश्वास बसला. ते वर जायचे, ओतायचे, घसरत खाली यायचे, भरायचे, पुन्हा जायचे. आणि साळू शिव्या देत होती. पाऊस, चिखल, धापा यांत कुणाला काही दिसत नव्हतं. तिचा आवाज ऐकू येत होता तोवर ती आहे, एवढं कळत होतं. वर धोंड्यापाशी पोचलेला माणूस खालची शिवी ऐकायचा आणि त्याच्या पायांत बळ यायचं. रायाजी प्रत्येक खेपेला वरून हाका मारायचा, "साळे, दे गं शिवी!" आणि खालून यायची, "मर मेल्या!" जन्मात त्या नवरा-बायकोंचं एवढं बोलणं झालं नसेल.

पण डोंगर इतक्या वर्षांचा उघडा पडला होता, तो काय एका दुपारच्या पाट्यांनी ऐकतो? वरून येणारी माती नेणाऱ्यांपेक्षा जास्त होती. रायाजी डोक्यावर पाटी घेऊन धोंड्यापाशी उभा होता आणि त्याने हाक मारली. खालून काही आलं नाही. त्याने पुन्हा मारली. पाऊसही तेव्हाच थांबला होता. एवढं शांत झालं, की पानावरून ठिबकणारं पाणी ऐकू यावं, पण पानं तरी कुठे होती.

पुरुष जागच्या जागी थिजले. एकाने पाटी खाली टाकली. दुसऱ्याने टाकली. आता कशाला न्यायची, ज्या बाईसाठी नेत होतो ती गेली, असं त्यांना वाटलं असणार. तेवढ्यात बांधावरची एक बाई उठली. यसू तिचं नाव, आमच्या घरातली. गरीब सून होती, पाटलापुढे कधी मान वर केली नसेल तिने. ती रडत रडत ओरडली, "रायाजी, मुडद्या, थांबलास का? उचल ती पाटी!" मग दुसरी उठली, तिने आपल्या नवऱ्याला दिली. मग सगळ्याच. आणि पुरुषांनी पाट्या पुन्हा डोक्यावर घेतल्या.

काही जण सांगतात, की साळू मेली नाही, देवीने तिला मातीतून अलगद काढली आणि राईत नेली. हे पुरुषांनी जोडलेलं आहे, त्यांना बरं वाटावं म्हणून. आमच्या घरात तसं सांगत नाहीत. साळू या तळ्यात मेली आणि तिला तिच्या नवऱ्याच्या नाचणीने मारलं.

रायाजी त्यानंतर घरी झोपायला गेला नाही. त्याने धोंड्याच्या वर झोपडं बांधलं. दिवसा तळ्यातला गाळ वर न्यायचा, आडवे बांध घालायचा, राईतलं बी आणून टोचायचा. पहिल्यांदा नुसतं कुसळी गवत आलं, गुरंही तोंड लावेनात. मग काटेरी आलं, करवंद, तोरण. त्या काट्यांच्या आडोशाने हिरडा, ऐन. तो म्हातारा होऊन मेला तेव्हा झाडं माणसाच्या खांद्याला लागली होती, म्हणे. गावालाही डोंगराने सावकाश वळण लावलं. धोंड्याच्या वर औत नाही. खाली नाचणीनंतर वरई, वरईनंतर कारळे आणि मग विसावा. राबाला फांदी, झाड नाही. तळ्याला पुन्हा पाणी धरायला किती पिढ्या गेल्या, ते सांगणारं कुणी नाही. नाव मात्र बोडकीच ठेवलं. बायकांनीच बदलू दिलं नाही. विसरायला नको म्हणून.

आजही आखितीला पाटलांची पाटी पहिली चढते. आजही चुंबळ बायकोच्या जुन्या लुगड्याची लागते, विकतची चालत नाही. आजही मी उभी राहून पाटलाच्या घरच्या कर्त्या पुरुषाला नाव घेऊन पहिली शिवी देते, आणि मगच बाकीच्या तोंड उघडतात. पुरुष ती हसत घेतात, काही जण तर कमी पडली म्हणून कुरकुरतात. कारण ज्या दिवशी साळूची शिवी थांबली त्या दिवशी सगळं संपलं, हे या गावाच्या हाडात बसलंय. कुसरवाडीत ज्याला बायका शिवी देत नाहीत, तो गेला असं धरतात. मग तो चालो, बोलो, गाडी फिरवो.

आता त्या लाल रेघेचं सांगते. या उन्हाळ्यात पिवळं मशीन आलं आणि धोंड्याला वळसा घालून वर गेलं. रायाजीच्या नांगराने घातला होता तसाच वळसा. कुणाच्या सह्यांनी ते झालं, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही त्यांच्याच घरी चहा पिऊन आलात. वर घरं होणार, म्हणे, खिडकीतून तळं दिसणारी. ते कागद कसे झाले मला समजत नाही आणि समजून घ्यायचंही नाही. मला एवढं समजतं, की यंदाचा पाऊस त्या रेघेतून खाली येणार आहे आणि इथे येऊन बसणार आहे.

या आखितीला दौलतराव आले होते. रायाजीच्याच घरातले ते, पाटलांचा मान त्यांचाच. पाटी भरली, चुंबळ ठेवली, पाटी डोक्यावर घेतली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी काही बोलले नाही. ठरवलं नव्हतं हो, शब्दच आला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पुढच्या बाईसमोर गेले. ती गप्प. त्याच्या पुढची गप्प. त्यांची बायको आमच्यातच बसली होती, पदर तोंडात कोंबून. ते बायकोसमोर थांबले. एकीने तरी काही म्हणावं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण ती खाली बघत राहिली. बांधाच्या टोकाला गेल्यावर त्यांनी पाटी खाली ठेवली आणि घरी निघून गेले. ती बघा, अजून तिथेच आहे, गाळ वाळून भेगा पडल्या आहेत. तिला हात लावायला कुणी तयार नाही.

मी त्यांना पाळण्यात पाहिलंय. त्यांची आई आजारी असताना माझ्या अंगावर प्यालेत ते. त्यांच्यासाठी ठेवलेली शिवी माझ्या जिभेवर आहे, आखितीपासून तशीच आहे. त्यांनी ती रेघ बुजवली, त्या जागेवर एक काटेरी झुडूप जरी उभं राहिलं, तर मी घरोघर जाऊन बायका गोळा करीन आणि अशी देईन, अशी देईन की पलीकडच्या खोऱ्यात ऐकू जाईल. पण पाऊस आता तोंडावर आलाय.

तुम्ही जमीन घ्या नाहीतर नका घेऊ. घेतलीत तर पुढच्या आखितीला या. पाटी मी देते, चुंबळ या बाईंच्या साडीची करू. तेव्हा शिवी मिळते की नाही ते बघू. आता उठा, मेल्यांनो, उन्हं उतरली. ते बघा, तुमची वाट बघून कंटाळून ते इकडेच यायला निघालेत.

जपून जा हो, दौलतराव.